पेशींतले जुने भाडेकरू

मी डॉक्टर आहे, हे आमच्या कोथरूडच्या सोसायटीला दारावरच्या पाटीवरून कळलं आणि तिथूनच घोटाळ्याला सुरुवात झाली. राहायला आलो त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचे पेंडसेकाका एक्स-रेचा मोठा लिफाफा घेऊन आले. मी म्हटलं, "काका, मी त्यातली डॉक्टर नव्हे. मी रोगजंतूंवर संशोधन करते." काकांनी लिफाफा पुन्हा काखेत मारला. "म्हणजे आपला आम्हांला उपयोग नाही," म्हणाले आणि जिना चढू लागले. पुढच्या रविवारी मात्र ते सोसायटीच्या टाकीतलं पाणी तपासायला घेऊन आले, कैरीच्या लोणच्याच्या बरणीत. बरणी धुतली आहे असं त्यांचं म्हणणं होतं. मी तपासलं. जंतू सापडले नाहीत. इतक्या मिठात आणि मोहरीत ते जगलेच नसते. काकांनी मात्र माझा हवाला देऊन टाकी साफ करायचा खर्च दोन वर्षं टाळला.

मी काय काम करत होते, हे सासरीही कोणाला नीट सांगता आलं नाही. माझ्या हुद्द्याला पोस्टडॉक म्हणतात. पीएचडी झालेली असते, कायमची नोकरी मिळालेली नसते, आणि मधली वर्षं माणूस दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याच्या विषयावर, मुदतीच्या करारावर काढतो. "अजून शिकतेच आहेस का गं?" असं सासूबाई दर दिवाळीला विचारत. त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती, खरीच काळजी होती. तो काळही तसा होता. पुण्यातला प्रत्येक हुशार मुलगा संगणकाच्या क्लासला जात होता आणि परत येताना थेट अमेरिकेहून येत होता. माझे धाकटे दीर हिंजवडीत लागले आणि वर्षाच्या आत त्यांनी गाडी घेतली. मी बसनं जायची, हातात पेशींची बाटली.

तर पेशींबद्दल. आपल्या रक्तात काही पेशींचं कामच मुळी जंतू खाण्याचं असतं. जंतू दिसला की त्याला गिळायचं, पचवायचं आणि धोक्याचा इशारा द्यायचा. आमच्या प्रयोगशाळेतला जंतू होता टायफॉइडच्या जंतूचा चुलतभाऊ. हा महाभाग पेशीला स्वतःला गिळू देतो आणि आत गेल्यावर पचायला नकार देतो. आतल्या आत स्वतःपुरती एक खोली करून घेतो, सुईसारख्या अवयवानं पेशीत आपली प्रथिनं टोचतो आणि पेशीची यंत्रणा आपल्या सोयीनं चालवायला लागतो. पुण्यात हे समजावून सांगणं सोपं जायचं. जुन्या पेठांतले पागडीचे भाडेकरू ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना फारसं सांगावं लागत नाही. खोली त्यांची, कुलूप त्यांचं, आणि नळदुरुस्ती मालकानं करायची.

प्रयोग असा असतो. बाटलीत गुलाबी द्रवात पेशी वाढवायच्या, माणसाच्या अंगाइतक्या उबेच्या कपाटात. त्यांच्यावर जंतू सोडायचे. थोड्या वेळानं असं एक औषध घालायचं, जे बाहेर राहिलेले जंतू मारतं पण पेशीच्या आत शिरू शकत नाही. मग पेशी फोडून आत किती जंतू जगले ते मोजायचं आणि पेशींनी इशारा किती दिला तेही मोजायचं. सांगायला पाच वाक्यं, करायला आयुष्य जातं. पेशींना सुट्टी कळत नाही. अनंत चतुर्दशीला सगळे रस्ते बंद असताना ढोल-ताशांच्या पथकांमधून वाट काढत मी पेशींना खायला घालायला गेले आहे. एका पोलिसानं हटकलं, तेव्हा "अहो, घरी उपाशी आहेत" असं सांगितलं. त्यानं दोर वर उचलून धरला.

माझ्याबरोबर याच कामावर पीएचडी करत होती वैशाली इंगोले. अकोल्याकडची. वडील एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. वैशाली आमच्याशी अगदी प्रमाणभाषेत बोलायची, पण हातून काही सांडलं किंवा फोनवर वडील असले की तिची खरी बोली बाहेर पडायची. कामाला मात्र विलक्षण स्वच्छ. तिच्या हातचा प्रयोग पुन्हा करून बघावा लागत नसे. तिनं पुष्कळ वर्षं खपून दाखवलं होतं, की आमचा जंतू आत शिरला की पेशी गप्प बसते, धोक्याचा इशारा देतच नाही. जंतू पेशीचं तोंड दाबतो, असा एकूण अर्थ. तिचा लेख एका परदेशी मासिकानं स्वीकारला होता, छापायच्या आधी तपासायची पानं ईमेलनं येऊन पडली होती. प्रबंधाची जुळवाजुळव सुरू होती. पाठ्यवृत्ती संपत आली होती, आणि तिच्या भावानं हिंजवडीत एका कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. "दिवाळीपर्यंत डिग्री झाली तर ठीक," असं घरून बजावलं होतं, "नाहीतर आता पुरे." वडिलांना ते म्हणायला जड गेलं असणार. मुलगी डॉक्टर होणार असं ते अख्ख्या डेपोत सांगून बसले होते.

अशात गणपतीच्या सुट्टीत आमच्या उबेच्या कपाटाचा थर्मोस्टॅट बिघडला आणि पेशी अक्षरशः शिजल्या. मी बुधवार पेठेत जाऊन नवा थर्मोस्टॅट शोधला. दुकानदारानं जुना पार्ट उलटसुलट करून पाहिला. "अंडी उबवता का?" मी म्हटलं, "पेशी." "चालतंय. परत घेणार नाही," तो म्हणाला.

गोठवलेल्या साठ्यातून पेशी पुन्हा वाढवायला वेळ लागतो. वैशालीचा एकच प्रयोग राहिला होता. म्हणून तिनं शहरातल्याच दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून त्याच जातीच्या, नव्यानं मागवलेल्या पेशींची बाटली आणली आणि प्रयोग केला. पेशी गप्प बसल्या नाहीत. जंतू आत जाताच त्यांनी असा काही आरडाओरडा केला, की यंत्रानं दिलेला आकडा आधी आमच्यापैकी कोणाला खराच वाटला नाही. तिनं पुन्हा केला. पुन्हा तेच. दरम्यान आमच्या गोठवलेल्या पेशी वाढल्या. त्यांच्यात प्रयोग केला, तर सगळं पूर्वीसारखं शांत.

"नव्या पेशी खराब दिसतायत, मॅडम," वैशाली म्हणाली.

सगळ्यांचं तेच मत पडलं. प्रयोगशाळेत भांडण झालं की दोष नव्या सुनेचाच असतो. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. आमच्या पेशी कुठून आल्या होत्या? त्या काळी पेशी विकत कमी घेत, मागून जास्त आणत. विरजण शेजारणीकडून आणावं तसं. ओळखीच्या प्रयोगशाळेनं एक कुपी द्यायची, आपण ती वाढवायची, उद्या आपण तिसऱ्याला द्यायची. आणि विरजण देणाऱ्या बाईला जसं "भांडं धुतलं होतं ना?" असं विचारत नाहीत, तसंच इथेही कोणी विचारत नसे. तो अपमान झाला असता. आमच्या पेशी तर आमच्या सरांना त्यांच्या गुरूंनी दिलेल्या होत्या. या गुरूंना आम्ही सगळे मोठे सर म्हणत असू. ते दुसऱ्या शहरात असत. हा जंतू पेशीला गप्प करतो, ही कल्पनाच मुळात त्यांची. त्यावर त्यांचं नाव झालं होतं, आम्ही ते पाठ्यपुस्तकात शिकलो होतो, आणि त्यांनी ते दाखवलं होतं याच पेशींमध्ये.

पेशी वाढवताना सगळेच द्रवात थोडं पेनिसिलिन घालतात, म्हणजे बाहेरचे जंतू वाढत नाहीत. पण जंतूंची एक अगदी चिमुकली जात आहे, मायकोप्लाझ्मा. पेनिसिलिन जंतूंच्या भिंतीवर काम करतं आणि यांना भिंतच नसते. द्रव गढूळ होत नाही, वास येत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. पेशी मरतही नाहीत. वर्षानुवर्षं दोघं एकत्र नांदतात. ते शोधायचे तर डीएनएला चिकटणारा एक रंग घालावा लागतो आणि अंधाऱ्या खोलीत खास प्रकाशाखाली बघावं लागतं. जिथे डीएनए तिथे निळा उजेड. प्रत्येक पेशीत मधोमध एक निळा गोल दिसायला हवा आणि भोवती काळोख.

मी वैशालीला म्हटलं, "दोन्ही पेशींना रंग घालून बघू या. सरांना नंतर सांगू."

भर दुपारी आम्ही काळा पडदा ओढून बसलो. आधी नव्या पेशी. निळे गोल, भोवती काळोख. मग आमच्या. निळे गोल होतेच, आणि त्यांच्या भोवती, सगळीकडे, बारीक निळे ठिपके. मला आधी धूळ वाटली. मी काच पुसली, दुसरा भाग बघितला, तिसरा बघितला. मग उठले आणि तिला बसवलं.

ती खूप वेळ बघत होती. डोकं वर न करता म्हणाली, "मॅडम, हे आधीपासूनच आत होते?"

"असं दिसतंय."

"म्हंजे आपण जंतू सोडायच्या आधीच यायच्या घरात कोणी राहत होतं." तिची बोली बाहेर आली होती. "मंग इशारा देऊन देऊन थकल्याच असतीन ना ह्या. आपल्या जंतूनं काहीच नाही केलं."

ते तिनं एका दमात ओळखलं. ओरडून ओरडून घसा बसलेल्या माणसाला आम्ही इतकी वर्षं मुका समजत होतो. मला तिचं कौतुक वाटलं. पण या एका वाक्यानं तिचा लेख गेला होता, प्रबंध गेला होता, आणि दिवाळी तोंडावर होती.

आमचे सर सदाशिव पेठेतले. आवाज कधी चढवत नसत, त्याची गरजच पडत नसे. काचा त्यांनी स्वतः पाहिल्या आणि खुर्चीत येऊन बसले.

"इंगोले, आपल्याला पीएचडी करायची आहे की सत्यशोधन?"

"दोन्ही नाही का होणार, सर?"

"फार कमी लोकांना जमलेलं आहे." त्यांनी खुर्ची टेबलाकडे ओढली. "लेख मागे घ्या. ते मी कळवतो. प्रबंध नव्यानं करा. पण एक लक्षात ठेवा, तुमचे बाहेरचे परीक्षक मोठे सर आहेत. विद्यापीठातून नाव ठरून आलेलं आहे. बदलायचं म्हटलं तर वर्ष जाईल."

मग सरच थोड्या मऊ आवाजात म्हणाले, "पेशींना लागण आपल्याकडेच झाली असावी, असं लिहा. तेही शक्य आहेच. तेवढ्यानं भागेल."

हा सल्ला वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. तो तिला वाचवणारा होता, म्हाताऱ्या माणसाला वाचवणारा होता आणि कदाचित खराही होता. पण वैशालीला 'कदाचित' चालत नसे. पेशी गोठवून ठेवायच्या आमच्या नायट्रोजनच्या टाकीत अगदी तळाशी मोठ्या सरांकडून आलेली मूळची एक कुपी होती, कोणी कधीच न उघडलेली. तिच्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी होती. वैशालीनं ती उघडली, वाढवली, रंग घातला. ठिपके त्यातही होते.

"आता पळवाट राहिली नाही," मी तिला म्हटलं.

"मला पळायचं नव्हतं मॅडम," ती म्हणाली, "पण भ्याव वाटून राहिलं."

दिवाळीनंतर आणखी थोडी मुदत तिनं घरून मागून घेतली. फोन वसतिगृहाखालच्या बूथवरून केला आणि खूप रडली, एवढंच मला तिच्या मैत्रिणीकडून समजलं. पाठ्यवृत्ती बंद झाल्यावर ती शिकवण्या घेऊन राहिली आणि उरलेल्या वेळात स्वच्छ पेशींमध्ये सगळे प्रयोग पुन्हा केले. प्रबंधाच्या पहिल्या अर्ध्या भागात आम्ही काय पाहिलं ते होतं आणि दुसऱ्या अर्ध्यात ते चूक का, ते होतं. त्याचा शेवट असा होता की हा जंतू पेशीला गप्प करत नाही. पेशी ओरडत असतानाही तो आत टिकून राहतो, आणि कसा टिकतो ते आम्हांला माहीत नाही. आमचे सर म्हणाले, "निम्मा प्रबंध निम्म्याला खोडतो. आता परीक्षकांनी उरलेला तपासावा."

तोंडी परीक्षेच्या दिवशी तिचे वडील रात्रीच्या एसटीनं आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात संत्राबर्फीचा खोका. मागच्या ओळीत माझ्या शेजारी बसले. सगळं इंग्रजीत चाललं होतं, पण मुलगी बोलत असताना ते एकदाही मागे टेकले नाहीत.

मोठे सर पहिल्या ओळीत होते. बारीक अंगाचे, मृदू बोलणारे. त्यांनी आधी चार-दोन नेहमीचे प्रश्न विचारले. मग प्रबंध मिटून मांडीवर ठेवला आणि मराठीत आले.

"या पेशी माझ्याकडून आल्या होत्या."

"हो, सर."

"मला आधी कळवावंसं नाही वाटलं?"

वैशालीनं हातातला कागद टेबलावर ठेवला. "वाटलं होतं, सर. मग वाटलं, आधी कळवलं तर तुम्ही काय म्हणाल याचा विचार करत लिहिलं जाईल. म्हणून आधी लिहून काढलं."

आमचे सर छताकडे बघत होते. मोठ्या सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मला दाखवाल?"

आम्ही चौघं अंधाऱ्या खोलीत गेलो. वैशालीनं मूळच्या कुपीतल्या पेशींची काच लावली आणि बाजूला झाली. मोठ्या सरांनी सूक्ष्मदर्शकाचं चक्र स्वतः फिरवलं, नजर बसवली, काच सरकवली, पुन्हा नजर बसवली. हात किती सवयीचा होता. धूळ असती तर त्यांना कळली असती. मग त्यांनी काच सरकवणं थांबवलं आणि नुसते बघत राहिले.

"म्हणजे जंतू पेशीला गप्प करत नाही," ते म्हणाले.

"नाही, सर. त्या आधीच थकलेल्या होत्या."

"मी त्यांना फार जपलं हो," मोठे सर म्हणाले. एवढंच. मग आमच्या सरांना म्हणाले, "अध्यक्षांना सांगा, माझी पूर्ण शिफारस आहे. कसलीही दुरुस्ती नको. आणि तुम्ही व्हा पुढे, मी येतो."

आम्ही त्यांना तिथे ठेवून बाहेर आलो. सभागृहात अध्यक्षांनी निकाल इंग्रजीतच वाचला, टाळ्या झाल्या. मुलांनी वैशालीला घेरलं. तिचे वडील खोका छातीशी धरून व्हरांड्यात आले. त्यांची नजर मात्र तिच्यावर नव्हती. पलीकडच्या टोकाला काळा पडदा सारून मोठे सर बाहेर आले होते आणि भिंतीकडे तोंड करून रुमालानं डोळे पुसत होते.

"मॅडम," वडील हळूच म्हणाले, "नापास केली काय पोरीले?"

"नाही हो. पास झाली. डॉक्टर झाली तुमची वैशाली."

"मंग ते मोठे साहेब काऊन रडून राहिले?"

मी जमेल तसं सांगितलं. "आयुष्यभर त्यांनी जे काम केलं, त्यातली चूक वैशालीनं शोधून काढली."

त्यांनी पुन्हा व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. "यायच्याच कामातली?"

"हो."

"आन् यायच्याच तोंडावर सांगतली?"

"हो."

"आन् तरी यायनंच पास केली?"

"त्यांनीच."

त्यांनी बर्फीचा खोका माझ्या हातात दिला. पायातल्या वहाणा काढून भिंतीशी नीट लावल्या आणि व्हरांड्यातून अनवाणी चालत गेले. वयानं दोघं एकाच बरोबरीचे असतील. मोठ्या सरांना काही कळायच्या आत हा अनोळखी माणूस त्यांच्या पायांवर डोकं ठेवून होता, आणि "अहो, अहो, हे काय" म्हणत, रुमाल तसाच हातात धरून, मोठे सर त्याला उठवायला खाली वाकले होते.